शेख मॅडमची उलटतपासणी

आमच्या शेजारच्या शेख मॅडमना चांगली बातमी सांगायची सोय नाही. एकदा लिफ्टमध्ये मी सहज म्हणाले, "हळदीचं दूध घेतलं आणि सर्दी पळाली हो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि घेतलं नसतं तर?"

"तर राहिली असती."

"कशावरून? दूध न घेतलेल्या तुम्ही कुठे आहात? त्यांना बोलवा, विचारू."

मॅडम मूळच्या कसबा पेठेतल्या. कशामुळे कोणता आजार होतो, हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. म्हणजे त्यांच्याच शब्दांत, कशामुळे काय होत नाही, हे लोकांना सांगण्यात. निवृत्त होऊन हडपसरला आमच्या सोसायटीत आल्या, तेव्हा संशय तेवढा बरोबर घेऊन आल्या.

सोसायटीच्या योगवर्गाचे देशपांडे एकदा अभिमानाने म्हणाले, "आमच्या वर्गात आजारी माणूस शोधून सापडणार नाही."

"जे आजारी पडतात, ते काय करतात?"

"ते यायचे बंद होतात."

"वाटलंच," म्हणून मॅडम चालू लागल्या.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिणाऱ्या जोशीबाईंनाही त्यांनी सोडलं नाही. "रोज रात्री आठवणीने भांडं भरून ठेवणारी बाई औषधाच्या गोळ्याही वेळेवर घेत असणार. सगळं श्रेय भांड्याला कशाला?" जोशीबाई महिनाभर बोलत नव्हत्या. ईदला मॅडमनी आणलेला शीरखुर्मा फार छान झालाय, असं मी म्हणाले, तर म्हणे, "भूक लागली होती का?"

अशा बाईला दुःखाच्या घरी कोण नेणार? पण खालच्या मजल्यावरचे वानखेडे काका अचानक गेले, तेव्हा त्या माझ्या मागोमाग आल्याच.

वानखेडे कुटुंब नागपूरकडचं. काका भाजी आणायला खाली उतरले आणि फाटकापाशीच कोसळले. काकू जेवत नव्हत्या. एकच म्हणत होत्या, "मीच कोथिंबीर आणायला धाडलं. धाडलं नसतं तर राहिले असते."

"असं मनात आणू नका," जो येई तो म्हणे. काकू मान हलवत आणि पुन्हा तेच म्हणत.

मॅडम सतरंजीवर त्यांच्यासमोर बसल्या. "घरात कोथिंबीर नव्हती का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काकूंनी मान वर केली. "होती थोडी."

"मग का पाठवलंत?"

"त्यांनाच घरात बसवत नव्हतं. कोंडल्यासारखं होते म्हणाले, बाहेर जाऊन येतो. म्हटलं, जाताच आहात तर कोथिंबीर आणा."

"आदल्या दिवशी कसे होते?"

"पाठ भरून आली म्हणत होते. नीट जेवले नाहीत."

"म्हणजे दुखणं आधी आलं. बरं वाटत नव्हतं म्हणून ते बाहेर निघाले. तुम्ही क्रम उलटा लावताय."

काकू म्हणाल्या, "पाठ दुखते म्हणाले, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं."

"आज समजतंय, कारण शेवट माहीत आहे. तेव्हा नव्हता. पाठ सगळ्यांचीच दुखते." मॅडमचा आवाज जराही मऊ झाला नव्हता. "तुम्ही पाठवलंत म्हणून ते गेले, असं म्हणायला मला काही आधार दिसत नाही."

काकू पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी सुनेकडे पाणी मागितलं आणि दोन घास भातही खाल्ला.

जिना चढताना मी विचारलं, "मॅडम, खरंच तसं होतं, की समजूत घातलीत?"

"समजूत घालायला बाकीचे होते ना." त्यांनी दाराला किल्ली लावली आणि तशाच थांबल्या. "माझे मिस्टर गेले, तेव्हा रोज कोणी ना कोणी डबा घेऊन यायचं. तुमचा काही दोष नाही, सगळे म्हणाले. तपासलं कोणीच नाही."

"तुम्ही तपासलं असेल."

"आपणच आरोपी, आपणच साक्षीदार. अशी साक्ष धरत नाहीत." आज पाणी येणार नाही, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं आणि दार उघडलं.

मी न बोलावता आत गेले आणि खुर्चीत बसले. "तुम्ही त्यांना दवाखान्यात न्यायला उशीर केलात, असं तुम्हाला वाटतं का?"

"हा सूचक प्रश्न झाला. उत्तर तुम्हीच पुरवताय."

"मग कसा विचारू?"

त्यांनी ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. माझ्यासमोर येऊन बसल्या.

"त्या दिवशीच्या सकाळपासून विचारा," त्या म्हणाल्या.

"सकाळी काय झालं?" मी विचारलं.

आणि त्या सांगू लागल्या.