गुलाबरावांची गुरामी

आमच्या ओळीत भांडण सुरू झालं की गुलाबराव घरात जात आणि माशांच्या टाकीवर गोधडी पांघरत.

भांडण नळावरचं असो, पोरांवरून असो, नाहीतर वकीलसाहेबांच्या घरातलं आपसातलं असो. पहिला चढा आवाज कानावर पडला की गुलाबराव हातातलं काम टाकून उठायचे, खाटेवरची गोधडी उचलायचे आणि काचेच्या टाकीला चारी बाजूंनी नीट झाकून घ्यायचे. मग दारात येऊन उभे राहायचे. भांडण सोडवायला नव्हे, संपलं की नाही ते पाहायला. संपलं की आत जाऊन गोधडी काढायची, घडी घालायची आणि काचेजवळ तोंड नेऊन म्हणायचं, "झालं बरं. गेले आपापल्या घरी."

मी एकदा विचारलं, "काका, माशांना भांडण ऐकू जातं का?"

"ऐकू जात नसन बाई. पण पाण्याले कळते. पाणी थरथरलं का हे बी एकमेकाईच्या अंगावर धावून जातात. वाईट गोष्ट लवकर लागते, बाई. चांगली लागाले टाइम लागते."

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं आणि मी बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत नवी होते. नाशिककडची मी; 'मले', 'तुले', 'काऊन' हे सगळं कानाला सवयीचं व्हायला वेळ गेला. एका लांबट अंगणाभोवती सहा खोल्यांची ओळ होती. एका टोकाला मी, माझ्या शेजारी गुलाबराव, त्यांच्या पलीकडे वकीलसाहेब आणि त्यांच्या पत्नी. नळ सगळ्यांत मिळून एक.

गुलाबराव मोजणी खात्यात होते. उंच, वाळके, पायात करकरणाऱ्या वहाणा. आयुष्यभर शेतं मोजून त्यांची चालसुद्धा मोजल्यासारखी झाली होती. गावोगावी साखळी घेऊन जायचं आणि हद्द कुठून जाते ते दाखवायचं, हे त्यांचं काम. वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावरून सख्खे भाऊ कसे एकमेकांच्या डोक्यात काठ्या घालतात ते त्यांनी आयुष्यभर उन्हात उभं राहून पाहिलं होतं. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. मूलबाळ नव्हतं. घरात खाट, स्टोव्ह, दोन पातेली आणि ती टाकी.

टाकी त्यांना बदलून गेलेल्या एका साहेबांनी दिली होती. म्हणजे साहेबांना ती ट्रकमध्ये चढवता आली नाही, म्हणून मागे ठेवली. लोखंडी चौकट, जाड काचा, आत काहीच नाही. साहेबांचे मासे एकमेकांना खाऊन संपले होते. गुलाबरावांना ही गोष्ट फार लागली. "एवढीशी जागा. तिच्यातही नांदता नाई आलं?" असं म्हणत ते ती रिकामी टाकी बरेच दिवस नुसती पाहत बसत. मग एकदा कचेरीच्या कामानं नागपूरला गेले आणि येताना किटलीत मासे घेऊन आले.

त्या किटलीनं आमच्या ओळीत गोंधळ घातला. देऊळघाटहून रोज भाजीची टोपली घेऊन येणाऱ्या सुभद्रानं त्यांना एस.टी.तून उतरताना पाहिलं आणि विचारलं, "काय आणलं व नागपूरहून?" ते म्हणाले, "गुरामी आणली. लय गरीब स्वभावाची हाय." सुभद्रानं हे वकीलीणबाईंना सांगितलं. गुरामी हे माशाच्या जातीचं नाव आहे हे दोघींना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. संध्याकाळी वकीलीणबाई खण-नारळ आणि हळदीकुंकवाची कुयरी घेऊन गुलाबरावांच्या दारात उभ्या.

"कुठं आहे?" त्यांनी लाजत विचारलं.

"ते काय, त्या झाडामागं. नवी हाय न, बुजते."

वकीलीणबाईंनी वाकून पाहिलं. काचेमागून, अंगभर मोती जडवल्यासारखे ठिपके असलेली एक मासळी त्यांच्याकडे पाहत होती. नारळ मग त्यांनी तिथेच ठेवला. घरी परत नेला असता तर वकीलसाहेबांनी कारण विचारलं असतं.

एक नर आणि दोन माद्या. गुरामीला छातीखाली दोन लांब धागे असतात. त्यांनी ती समोरच्या वस्तूला हात लावल्यासारखी चाचपते. गुलाबराव त्यांना मिशा म्हणत आणि म्हणून नराचं नाव पाटील. माद्या थोरली आणि धाकटी. तळाशी रेती हुंगत फिरणारा कोतवाल. मधल्या पाण्यात चमकत पळणारे बारके ते सगळे पोट्टे, त्यांना वेगळी नावं नव्हती.

पाटील मोती ल्यालेला असला तरी पहिल्या महिन्यात त्यानं पोट्ट्यांचा पिच्छा पुरवला. टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोणाला फिरकू देईना. गुलाबरावांनी त्याला शिक्षा केली नाही. तळ्यावरून पाणवेली आणून लावल्या, वर तरंगणारी रुंद पानं सोडली, फुटक्या माठाची खापरं उभी-आडवी मांडली. पाटलाला आता सगळी टाकी एका नजरेत दिसेना. न दिसणाऱ्यावर धावून जाणार कसा? आठवड्याभरात तो वरच्या पानांखाली आपलं बुडबुड्यांचं घर बांधत बसला.

"पाह्यलं बाई? त्याचा राग नव्हता कोणावर. त्याले जागा पाह्यजे होती. जागा पाह्यजे, आन मधात थोडा आडोसा पाह्यजे."

'जागा पाह्यजे' हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. माणसांचीही त्यांनी थरांत विभागणी केली होती: वरचे, मधले आणि तळातले. आमच्या मुख्याध्यापिका वरच्या थरातल्या. कचेरीतले हेडक्लार्क तळातले, पण निरुपद्रवी. मला पाहायला आलेल्या मुलाला त्यांनी अंगणात पाच मिनिटं बोलतं केलं आणि नंतर मला म्हणाले, "पोरगा मधल्या थरातला हाय. तुमी बी मधल्याच. पण तुमी जरा वरून चालता. नांदान." त्याच मुलाशी माझं लग्न झालं. अजून नांदतेय.

खरी पंचाईत केली ती एका पट्टेवाल्या माशानं. अकोल्याहून कोणीतरी दिलेला, अंगावर रुंद काळे पट्टे. काळा कोट घातल्यासारखा दिसतो म्हणून गुलाबरावांनी त्याचं नाव वकील ठेवलं. या वकिलाला एकच नाद, पाटलाच्या मिशा कुरतडण्याचा. पाटील बिचारा कोपऱ्यात जाऊन उभा राहू लागला. गुलाबरावांनी समजूत घातली, खापरं हलवली, वेली वाढवल्या. वकील ऐकेना. शेवटी एका सकाळी अंगणात दात घासता घासता ते मला मोठ्यांदा म्हणाले, "बाई, मी ठरवलं. वकिलाले आज हाकलून देतो. लय नालायक हाय. दुसऱ्याच्या घरात भांडण लावल्याबिगर त्याले अन्न गोड लागत नाई."

पलीकडच्या खोलीत वकीलसाहेब दाढी करत होते. ते अर्ध्या तोंडाला साबण लावलेले तसेच बाहेर आले.

"काय म्हणालात?"

गुलाबरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, घरात गेले आणि आधी गोधडी पांघरली. मग बाहेर येऊन हात जोडले, "साहेब, तुमी नाई. माह्याकडचा."

वकीलसाहेब आत जाऊन त्या माशाला पाहून आले. बराच वेळ पाहिलं त्यांनी. येताना म्हणाले, "कोट बरा आहे त्याचा." त्या माशाला पुढे त्यांनीच आपल्या घरी काचेच्या बरणीत ठेवून घेतलं.

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. तलाव तळाला गेला. नळ कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं आणि आला तरी करंगळीएवढी धार. अंगणात घागरींची रांग पहाटेपासून लागे. एका सकाळी वकीलीणबाईंची घागर अर्धी भरली आणि धार थांबली. त्या तशाच उभ्या राहिल्या. घरात सासूबाई आजारी होत्या. मग त्यांची नजर गुलाबरावांच्या उघड्या दारातून आत गेली.

"माणसांना प्यायला नाही," त्या म्हणाल्या, "आणि तिथं मासे पोहतायत."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. म्हणून असेल, गुलाबराव गोधडी आणायला गेले नाहीत. ते नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "बरोबर हाय वहिनी." त्या दिवसापासून त्यांनी रांगेत घागर लावणं बंद केलं. दिवसाला एक तांब्या कचेरीतल्या माठातून आणत, तेवढ्यावर भागवत. टाकीत एक थेंबही नवा पडला नाही. उन्हानं पाणी उतरत गेलं, हिरवट झालं. पोट्ट्यांपैकी दोन-चार रोज मरू लागले. गुरामी तेवढी तग धरून होती; ती वर येऊन तोंडानं हवा घेते. पाटील, थोरली आणि धाकटी दिवसभर वर येत, एक घोट हवा घेत आणि खाली जात. गुलाबराव कचेरीतून आले की समोर बसून तेवढंच पाहत. मी माझ्या वाटचं पाणी देऊ केलं. "नोको बाई," म्हणाले. "उद्या कोणी तुमाले बोलन."

हे मी सुभद्राला सांगितलं. ती टोपली खाली ठेवून बसली.

"यायच्या भावाच्या इहिरीले पाणी हाय," ती म्हणाली. "देऊळघाटाले. आमच्या वावराच्या बाजूलेच."

गुलाबरावांना भाऊ आहे हे मला त्या दिवशी कळलं. वडील गेल्यावर वाटणीचं निघालं, तेव्हा थोरला भाऊ किसनराव चारचौघांत बोलून गेला, हा सरकारी मोजणीवाला, धुरा सरकवून घेईल. गुलाबरावांनी तिथल्या तिथे सांगितलं, सगळं तुझ्याच नावावर राहू दे. पिशवी उचलली आणि एस.टी. धरली. पुन्हा कधी गेले नाहीत. किसनरावही कधी आला नाही. "तो बोलाचा बोलून गेला," सुभद्रा म्हणाली, "आन मंग शरमला." देऊळघाट काही लांब नाही. भाजीवाली रोज येऊन जाते.

मी तिला काही करायला सांगितलं नव्हतं, पण ती काय करणार हे मला कळलं होतं. दोन दिवसांनी दुपारी उन्हाच्या भरात एक बैलगाडी अंगणाच्या तोंडाशी थांबली. धोतर गुडघ्यावर खोचलेला एक थोराड माणूस उतरला आणि दोन्ही हातांत दोन मोठे दुधाचे डबे घेऊन आत आला. रविवार होता. गुलाबराव टाकीसमोर बसले होते.

"पाणी आणलं," तो दारातून म्हणाला. "माशायले."

गुलाबराव उठून उभे राहिले. "माशायले काऊन?"

"तुह्यासाठी म्हटलं असतं तं तू घेतलं नसतं."

गुलाबरावांनी एक डबा उचलला, वकीलीणबाईंच्या दारात नेला आणि त्यांची घागर काठोकाठ भरून दिली. वकीलीणबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. परत येऊन गुलाबराव दुसऱ्या डब्यात बोट बुडवून म्हणाले, "हे लगेच टाकता नाई येत. इहिरीचं थंड हाय. दोन्ही पाणी सारखं व्हा लागते. नाईतर मरतात. बसा लागन."

"बसतो," किसनराव म्हणाला.

आणि तो बसला. मला हाक मारून गुलाबरावांनी चहा टाकायला सांगितलं. चहा दिला आणि मी उंबऱ्यावर, टाकीच्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून टेकले. दोघं भाऊ जमिनीवर शेजारी शेजारी, तोंडं टाकीकडे. गुलाबराव मधून मधून तांब्याभर पाणी काठानं सोडत, थांबत, पुन्हा सोडत. बोलले ते माशांबद्दल.

"हा मोठा कोन?"

"पाटील."

"वर काऊन येऊन राह्यला?"

"हवा घ्याले."

"आन हे बारके त्याच्या वाटेत येतात, त्याईले काही करत नाई?"

"पहिले करे. आता नाई करत."

किसनरावानं मान हलवली. सावल्या लांबल्या, टाकी वरपर्यंत भरली, पाटील नव्या पाण्यात एक पूर्ण चक्कर मारून आला. दोघांनी ती पाहिली. मग बैलांना अंधार पडायच्या आत घरी न्यायला हवं म्हणून किसनराव उठला. "डबे राहू दे," तो म्हणाला. "बुधवारी भरलेले आणतो, मंग हे नेतो." गुलाबराव "हाव" म्हणाले, पण उठले नाहीत, वळलेही नाहीत. गाडीच्या चाकांचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत ते टाकीकडेच पाहत होते.

मी कपबशा गोळा करत होते.

"बाई," ते म्हणाले, "तुमी त्याच्या समोर बसल्या होत्या."

"हो."

"मी पाह्यलंच नाई त्याच्याकडे. हिंमत नाई झाली." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "केस पिकले काय त्याचे?"

"पिकलेत. पण दाट आहेत अजून."

"आन दात?"

"समोरचा एक पडलाय. वरचा."

"आमच्या बाचा बी पहिले वरचाच पडला होता," गुलाबराव म्हणाले. मग उठले, आणि दोन्ही रिकामे डबे फडक्यानं आतून-बाहेरून पुसून दाराशी मांडून ठेवले.