झाडांनी थेट अर्ज करावा

सार्वजनिक उद्यानाच्या मातीत बुरशी असल्याचे वार्षिक तपासणीत निष्पन्न झाले आणि अधीक्षकांनी हेडमाळ्याला दालनात बोलावून घेतले. हातपाय धुऊन आला तरी तो बिचारा गालिच्याच्या कडेलाच उभा राहिला. अठरा वर्षे खपून त्याने एकाच वाफ्यात चाळीस जातींची झाडे जगवली होती. त्यातले एखादे जरी सुकले तरी त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

“ही बुरशी तिथे नेमकं करते काय?” अधीक्षकांनी विचारले.

“साहेब, मुळं पोचत नाहीत तिथून ती स्फुरद आणि पाणी आणून देते. झाडं तिला थोडी साखर देतात. तिच्यामुळेच तर एवढी सगळी गुण्यागोविंदानं नांदतात.”

“म्हणजे मध्यस्थ. आणि वर साखर खाते.” अधीक्षकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. पाटीवर ‘मध्यस्थांशी व्यवहार करू नये’ असे लिहिले होते.

दुसऱ्याच दिवशी औषध मारून बुरशीला कार्यमुक्त करण्यात आले. यापुढे झाडांनी स्फुरदासाठी कार्यालयाकडे थेट अर्ज करावा, असे परिपत्रक वाफ्यात रोवण्यात आले. हेडमाळ्याने चाळीस अर्ज भरले. सही नाही म्हणून ते परत आले. त्याने मुळे शाईत बुडवून ठसे उमटवले, तर ‘अर्जदार समक्ष हजर नाही’ असा शेरा पडला. मग त्याने झाडे कुंड्यांत घालून खिडकीपुढे रांगेत लावली. तिसऱ्या दिवशी गुलाबाचा नंबर आला आणि जेवणाची सुट्टी झाली. निशिगंधाने रांगेतच मान टाकली, तेव्हा मागच्या शेवंतीला पुढे सरकायला सांगण्यात आले.

महिन्याभरात एकोणचाळीस जाती गेल्या. उरला तो शोभेचा कोबी. त्याचे बुरशीवाचून कधी अडलेच नव्हते.

“साहेब, वाफा गेला हो,” हेडमाळी म्हणाला.

“मनाला लावून घेऊ नका, काका. त्यांचे अर्ज विचाराधीन आहेत.”

अधीक्षकांनी उद्यानभर कोबी लावला आणि दारात ‘स्वावलंबी उद्यान’ अशी कमान उभारली. बघायला ही गर्दी लोटली. हेडमाळी कमानीखाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याचे तोंड बघत होता. बाकीची झाडे कुठे गेली, एवढे एकाने तरी विचारावे, इतकीच त्याची इच्छा होती. रविवारी संध्याकाळी एक जण थेट त्याच्याकडे वळला. हेडमाळी डोळे पुसून पुढे झाला.

“काका, जरा बाजूला व्हा. फोटोत येताय.”

तुम्हाला आता आठवणार नाही, पण ते तुम्हीच होता. फोटो मात्र छान आलाय.