ठराव क्रमांक सात

वैजयंतीबाई सरपंच होत्या आणि सरपंचकी त्यांचा नवरा जगदेव करत होता. टाकळझरीत कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मासिक सभेत बाईंच्या शेजारी जगदेवची खुर्ची असे. प्रश्न बाईंना विचारला जाई, उत्तर शेजारच्या खुर्चीतून येई आणि बाई सही करत. सभेचे ठराव लिहायची लाल पाठीची लांबट वही, म्हणजे प्रोसिडिंग बुक, आणि ग्रामपंचायतीचा शिक्का या दोन्ही वस्तू जगदेवच्या घरच्या लोखंडी कपाटात, त्याच्या लग्नातल्या कोटाखाली राहत.

एकच गोष्ट बाईंना टोचत होती. अंगणवाडीच्या वाटेवर जगदेवचा उकिरडा होता. त्याच्या वडिलांच्या काळी तो कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असायचा. पुढे वर्षागणिक हातपाय पसरत त्याने वाटच अडवली. पावसाळ्यात तिथून जायचं म्हणजे पोरं कडेवर घ्यावी लागत, म्हणून निम्म्या आया पोरांना पाठवायच्याच बंद झाल्या होत्या. गावच्या सरपंचाचा उकिरडा ओलांडून गावची पोरं शाळेची पहिली पायरी चढतात, याची बाईंना मनापासून लाज वाटे. त्यांनी घरात तीनदा विषय काढला. जगदेवने तिन्ही वेळा "पाहू" म्हटलं. तेवढ्यात उकिरडा आणखी वीतभर वाढला.

अशात पत्र आलं. महिला सदस्यांसाठी कारंजाला एक दिवसाचं प्रशिक्षण. सदस्यांनी स्वतः हजर राहावं, सोबत प्रोसिडिंग बुक आणावं. जगदेवने स्वतःच्या हाताने पिशवी भरली. वही टाकली, वर शिक्काही टाकला.

"शिक्का कायले?" बाईंनी विचारलं.

"असू दे. तुले काय समजते? लागला तर मी आहोच तिथं."

पण तो तिथं नव्हता. मंगल कार्यालयाच्या दारावरच कागद चिकटवलेला होता: 'पतिराजांनी बाहेर बसावे. चहाची सोय आहे.' जगदेवने तो कागद दुसऱ्या कुणासाठी असावा असं समजून आत पाय टाकला. प्रशिक्षण देणाऱ्या मंजुषा मॅडमनी त्याला अडवलं.

"आपण?"

"मी टाकळझरीचा सरपंच. म्हणजे, सरपंचाचा..."

"निवडणुकीत तुमचं चिन्ह काय होतं?"

"माह्यं नाई, हिचं होतं. कपबशी."

"मग चहा तिकडे आहे," मॅडम म्हणाल्या.

जगदेव बाहेर चौथा चहा पीत असताना आत मॅडमनी प्रत्येक गावाला सरावाची एकेक वही वाटली. "आपल्या गावची खरी अडचण घ्या आणि खोटी सभा भरवा. ठराव आधी कच्चा लिहा, मी तपासते, मग पक्का करा."

टाकळझरीच्या गोजराबाई पासष्टीच्या. तीन वर्षं सदस्य होत्या आणि सभेत चहा घेण्यापलीकडे त्यांनी तोंड उघडलेलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला.

"सभा खोटीच हाय न?"

"खोटीच."

"मंग खरं बोलते. आमच्या अंगणवाडीच्या वाटंवर हिच्या मालकाचा उकिरडा हाय. त्याले सांगाची गावात कोणाची हिंमत नाई. माहीबी नव्हती."

सगळ्या बायका वैजयंतीबाईंकडे पाहू लागल्या. बाईंनी पिशवीत हात घातला, पेन काढलं आणि म्हणाल्या, "सांगा, मी लिवते."

तीन दिवसांनी ग्रामसेवक ऋषिकेश नेहमीप्रमाणे जगदेवच्या ओसरीवर आला. वही उघडली आणि त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

"भाऊ, तुम्ही उकिरडा हलवून राह्यले काय?"

"काहून?"

ऋषिकेशने वाचून दाखवलं. "ठराव क्रमांक सात. अंगणवाडीच्या वाटेवरील श्री. जगदेव यांचा उकिरडा आठ दिवसांत हलवण्यात यावा. सूचक गोजराबाई. ठराव सर्वानुमते मंजूर. सही आहे, शिक्का आहे. क्रमांकसुद्धा बरोबर मागच्या ठरावापुढचा."

जगदेवने स्वयंपाकघराकडे पाहून आवाज चढवला. "अवं! हे काय करून ठेवलं?"

"दोन्ही वह्या लाल पाठीच्या," बाई आतूनच म्हणाल्या. "घाईघाईत लिवलं. शिक्काबी तुमीच तर टाकला होता पिशवीत."

"फाड ते पान!" जगदेव ऋषिकेशला म्हणाला.

"पानांवर नंबर आहेत, भाऊ. पान फाडलं तर बाईंची खुर्ची जाईल. आणि बाईंची गेली की शेजारची तुमचीही जाईल."

"मंग आडवी रेघ मार."

"रेघही चालत नाही. पण तुम्ही कायले घाबरता? ती सभाच खोटी होती. ना नोटीस, ना गावात भरली. या ठरावाला काडीची किंमत नाही. गप्प बसा, कोण वाचते?"

सल्ला अगदी सोळा आणे होता. पण गप्प बसणं जगदेवला कुणी शिकवलेलं नव्हतं. "माह्याच कपाटात माह्याच विरुद्ध ठराव? नाई बाप्पा. रद्द झाला पाह्यजे."

"रद्द करायचा तर खरी सभा लागेल. रीतसर नोटीस काढून."

"काढ नोटीस!"

नोटीस पारावर लागली: 'विषय: जगदेव यांचा उकिरडा हलवण्याचा ठराव रद्द करणे.' सकाळपर्यंत ज्यांना असा काही ठराव आहे हे ठाऊक नव्हतं, त्यांना दुपारपर्यंत तो तोंडपाठ झाला. उकिरड्याला रोज वळसा घालणारी माणसं आता त्याच्यापुढे थांबून वाट किती उरली ते पावलांनी मोजू लागली. जगदेव उपसरपंच पंजाबरावांना जाऊन भेटला. "मी तुह्यासंगं हावो," पंजाबराव म्हणाले. जगदेव निश्चिंत झाला.

सभेला दाराबाहेर गर्दी झाली. जगदेव आपल्या खुर्चीत बसणार तोच गोजराबाई उठल्या.

"जगदेव, सदस्य नसंल त्यानं सभेत बसू नये. आमाले शिकोलं तसं."

जगदेवने पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबराव छताच्या पंख्याकडे पाहत होते. जगदेव उठला, बाहेर गेला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. पहिल्यांदाच त्याला आपल्या बायकोचा चेहरा समोरून दिसत होता. चेहरा घामेजला होता. ते पाहून त्याला रागाच्या भरातही जरा कसंसंच झालं.

"ठराव रद्द करावा असं ज्याले वाटते," वैजयंतीबाई म्हणाल्या, "त्यानं हात वर करा."

एकच हात वर झाला. तो गजांमधून आत आला होता.

"खिडकीतला हात मोजू नोको, ऋषिकेश," गोजराबाई म्हणाल्या.

"ठराव ठेवावा असं ज्याले वाटते?"

गोजराबाईंचा हात गेला, मग दुसऱ्या दोघी बायकांचा, मग दोघा पुरुषांचा. पंजाबरावांचा हात कान खाजवावा तसा अर्ध्यावर आला. तेवढ्यात दारात त्यांची सून नातवाला कडेवर घेऊन उभी असलेली दिसली. पोराचे पाय घोट्यापर्यंत उकिरड्याच्या घाणीने भरलेले होते. पंजाबरावांचा हात सरळ वर गेला.

"ठराव कायम," बाई म्हणाल्या, आणि आवाज एकदाचा सापडल्यासारख्या मोठ्याने म्हणाल्या, "आठ दिवसांत वाट मोकळी करावी."

ज्या कागदाला काडीची किंमत नव्हती, तो जगदेवने स्वतः हट्टाने नोटीस काढून, सभा भरवून खरा करून घेतला होता.

 तिसऱ्या दिवशी त्याने ट्रॅक्टर लावून सगळं खत वावरात नेऊन टाकलं. पुढच्या सोमवारी आपल्या पायांनी चालत अंगणवाडीत जाणारी पोरांची रांग तो पारावरून बघत होता. पंजाबरावांचा नातू थांबून म्हणाला, "आबा, वाट केवढी मोठी झाली!" जगदेवची छाती फुगली. त्या दिवसापासून तो भेटेल त्याला सांगू लागला, "वाट म्या मोकळी केली."

महिन्याच्या सभेआधी शिक्का शोधताना त्याने प्रशिक्षणाला नेलेली ती पिशवी उपडी केली. सरावाची वही बाहेर पडली. ती कोरी असेल म्हणून त्याने सहज उघडली. पहिल्या पानावर बायकोच्या अक्षरात उकिरड्याचा ठराव होता. जागोजागी लाल पेनाच्या दुरुस्त्या होत्या आणि खाली मॅडमचा शेरा: 'छान. आता पक्का करा.'

जगदेव वही तशीच उघडी धरून स्वयंपाकघराच्या दारात गेला.

"म्हंजे वह्या बदलल्या नव्हत्या?"

वैजयंतीबाई तांदूळ निवडत होत्या. "मॅडमनं सांगतलं, आधी कच्चा लिवा, मंग पक्का. कच्चा ह्या वहीत लिवला, पक्का त्या वहीत."

त्याने पान उलटलं. दुसऱ्या पानावर आणखी एक ठराव होता, 'ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक व शिक्का सरपंचाच्या घरच्या कपाटातून काढून कार्यालयात ठेवण्यात यावा.'

"हा कच्चाच हाय न?" जगदेवने हळूच विचारलं.

"सध्या तरी," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऋषिकेश कार्यालय उघडायला आला, तेव्हा जगदेव लाल पाठीची वही आणि शिक्का मांडीवर घेऊन केव्हाचा पायरीवर बसला होता.