कापून बघूया

शिवलकर सर कुणाच्याही घरी गेले की आधी बेल वाजवत नाहीत. गेटजवळ थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि गेटच्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवतात. आतून कुणी "या सर" म्हणेपर्यंत त्यांचं मत तयार झालेलं असतं. मत नेहमीचंच. "वरून बरं दिसतंय. कापून बघूया."

आमच्या मुख्याध्यापकांनी हौसेने नवं गेट बसवलं, तर सरांनी त्याचा एक कोपरा कापून मागितला. माझ्या पुतणीला बघायला आलेल्या मुलाबद्दल मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, "वरून बरा आहे." पुढचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून गिळलं.

लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सरांनी अख्खी हयात वेल्डिंगचे जोड तपासण्यात घालवली. निवृत्त होऊन रत्नागिरीला परतले आणि आमच्या हायस्कूलमध्ये टेक्निकलच्या मुलांना वेल्डिंग शिकवू लागले. मी तिथे जीवशास्त्र शिकवते. पहिल्याच आठवड्यात ते प्रयोगशाळेच्या दारात हजर.

"बाई, एक मायक्रोस्कोप हवा होता. लोखंड बघायचंय."

"अहो सर, आमचे मायक्रोस्कोप कांद्याच्या पापुद्र्यासाठी. उजेड खालून येतो. लोखंडातून आरपार कसा जायचा?"

"मग वरून सोडू की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मायक्रोस्कोपला एक छोटी बॅटरी बांधली. तिरका उजेड लोखंडावर पडला आणि माझा मायक्रोस्कोप जो गेला तो गेलाच.

तेव्हापासून शुक्रवारचा शेवटचा तास त्यांचा. मुलं आपण केलेला जोड करवतीने मधोमध कापतात आणि पॉलिश पेपरवर घासत बसतात, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. तुकडा चकचकीत झाला की सर स्वतः त्यावर सौम्य अ‍ॅसिडचा थेंब सोडतात. मग मायक्रोस्कोपखाली कुठलं लोखंड वितळलं, कुठलं नुसतंच तापलं आणि कुठे हवा अडकून भोकं राहिली, सगळं दिसतं. भोक सापडलं की सर खुशीत येतात.

"हे बघ मेल्या, केवढं भगदाड. वरून कसा झकास दिसत होता जोड."

पास असं कुणी होतच नाही. सरांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "चालेल". पण ज्याचा जोड वाईट, त्याला शाळा सुटल्यावर शेजारी उभं करून ते पुन्हा शिकवतात, आणि त्याच्या वाटणीचा चहाही मागवतात. म्हणून पोरं नापास व्हायला भीत नाहीत.

नववीतली तन्वी ही सरांची सख्खी पुतणी, हे मला फार उशिरा कळलं. सर तिला इतरांसारखंच आडनावाने हाक मारायचे. त्यात आपलं आडनावही तेच आहे, याचं त्यांना काही वाटत नसे. तिच्या वडिलांशी, म्हणजे धाकट्या भावाशी, सुभाषशी, त्यांचं दहा-बारा वर्षं बोलणं नव्हतं. सुभाष सरांच्याच कारखान्यात वेल्डरच्या परीक्षेला बसला होता आणि सरांनी त्याचा जोड चारचौघांत नापास केला होता.

"अ‍ॅसिडच्या टाकीचं काम, बाई. भोक होतं. भाऊ म्हणून नव्हतं कसं म्हणू?" एवढंच ते मला एकदा बोलले. सुभाषने मांडवीला स्वतःचं वर्कशॉप काढलं, आणि सरांनी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला जाणं सोडलं.

गेल्या महिन्यात सरांनी वर्गाला घरून एकेक जोड आणायला सांगितला. कुणी मोडक्या खुर्चीचा पाय आणला, कुणी खिडकीच्या जाळीचा तुकडा. तन्वीने रुमालात बांधून एक कापलेला तुकडा आणला.

"सर, बाबांनी दिलाय. तुम्हीच बघा म्हणाले."

सरांनी तो कुणाला घासू दिला नाही. स्वतः घासत बसले. शाळा सुटल्याची घंटा झाली, तरी एकही पोर जागचं हललं नाही. शेवटी थेंब सोडून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. तन्वी बाक धरून उभी होती. मलाही धाकधूक होती, कारण खोटं बोलायला या माणसाला येत नाही, आणि आता पुन्हा नापास म्हणाले तर दोघे भाऊ जन्मात बोलणार नाहीत.

सरांनी मला बघायला बोलावलं. मला जोडातलं फारसं कळत नाही, पण दोन वर्षांत भोक ओळखायला शिकले होते. एकही नव्हतं.

"हा तुकडा पास," सर म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पण एका तुकड्यावर निकाल देता येत नाही. नियमाने तीन नमुने बघावे लागतात. उरलेले दोन बघायला मी रविवारी घरी येतोय म्हणून सांग बाबांना."

असा नियम मी तरी कधी ऐकला नव्हता. सरांनी आजवर कुणाकडे दुसरा नमुना मागितलेला नव्हता. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी मायक्रोस्कोप पुसायला घेतला.

रविवारी साक्षीदार लागतो म्हणून मलाही नेलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि रिक्षात मांडीवर खाऊचा पुडा. सुभाष दारातच उभा होता.

"तीन नमुन्यांचा नियम कधी आला, दादा?"

"नवीन आहे."

"बरं. ये, बस."

टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन तुकडे तयार होते. सुभाषच्या बायकोने घावने वाढले. सरांनी पाच खाल्ले. मग दोघे भाऊ लहानपणच्या गळाच्या मासेमारीवर जे सुरू झाले ते दिवेलागण होईपर्यंत. मला इतकं बरं वाटत होतं की घरी जायची आठवणही राहिली नाही.

निघताना सुभाषची बायको पुडकं घेऊन मागून आली. "दादा, तुकडे बघायचे राहिले की."

सर चपला घालत होते. मान वर न करता म्हणाले, "असू देत तिथेच. पुढच्या रविवारी बघतो."