सावधानसाहेबांचं प्रात्यक्षिक

सुरक्षितता ही माणसाची मूलभूत गरज असून ती भागवण्यासाठी किमान एक फलक, एक रजिस्टर आणि तीन सह्या लागतात, हे आता सर्वमान्य झालं आहे. (डोळे, हात, फुप्फुसं वगैरे किरकोळ साहित्य ज्याने त्याने घरून आणायचं असतं.)

हे तत्त्व जन्मभर पाळणारे एक गृहस्थ पंख्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. कामगार त्यांना पाठीमागे सावधानसाहेब म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही होतं. फाटकाशी 'अपघाताविना दिवस' असा फलक होता. त्यावरचा आकडा साहेब रोज सकाळी स्वतः बदलत. तो आता ४,११२ झाला होता. इतके दिवस एकही अपघात होऊ न देणं म्हणजे खायचं काम नाही. त्यासाठी झालेला प्रत्येक अपघात वेळच्या वेळी दुसरीकडे हलवावा लागतो. फिटरच्या डोळ्यात ग्राइंडरची ठिणगी गेली, ती 'घरगुती घटना' ठरली. क्रेनवाल्याचा घोटा मोडला, तोही त्याच्या घरीच. (त्याच्या घरी क्रेन नव्हती, पण तसं विचारणारा रकाना रजिस्टरात नाही.) अशा सत्तावीस घटना झाल्या. कामगारांची घरं इतकी धोक्याची आहेत हे पाहून साहेबांनी वरिष्ठांना लेखी सुचवलं, की त्यांना शक्यतो ओव्हरटाइमलाच थांबवून घ्यावं.

अशा माणसाच्या घरचा हॉल रंगवायला निघाला. आधी एक रंगारी येऊन गेला. तो अनवाणी शिडीवर चढला, भिंतीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "चार दिवस लागतील." पायात बूट नाहीत, शिडीला दुसरा माणूस नाही, या कारणांवरून त्याला नाकारण्यात आलं. मग साहेबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून रंग फवारायचं मशीन भाड्याने आणलं. पंप, लांब नळी आणि पुढे खटक्याची गन. सोबत बेचाळीस पानी माहितीपुस्तिका. दुकानदार म्हणाला, "साहेब, ती पुस्तिका परत आणली नाहीत तरी चालेल. अजून कुणी उघडलेली नाही."

साहेबांनी उघडली. लाल पेनने अधोरेखित करत एकवीस पानं वाचली, घरात सुरक्षा समिती नेमली (अध्यक्ष साहेब, सदस्य त्यांची पत्नी) आणि शनिवारी सकाळी काम सुरू झालं. सोफा झाकला, टीव्ही झाकला, दिव्यांची बटणं झाकली. साहेबांच्या मातोश्रींना झाकावं की हलवावं यावर समितीत चर्चा चालू असतानाच त्या आपल्या पायांनी लेकीकडे निघून गेल्या. पुढे अडचण आली. नियम चार म्हणत होता, खिडक्या प्लॅस्टिकने झाका. नियम नऊ म्हणत होता, खिडक्या उघड्या ठेवा. साहेबांनी दोन्हींचा मान राखला. खिडक्या उघडल्या आणि मग त्यांवर प्लॅस्टिक चिकटवलं. पत्नीने त्यातल्या एकीचं प्लॅस्टिक ओढून काढलं आणि तिथे बाहेर तोंड करून टेबलफॅन लावला. हे काम कोणत्याच ठरावात नसल्याने त्याची नोंद झाली नाही.

मग मास्क, चष्मा, हातमोजे घालून साहेबांचा गनसह फोटो काढण्यात आला. फोटो झाल्यावर कारखान्याच्या शिरस्त्याप्रमाणे साहित्य खराब होऊ नये म्हणून खोक्यात परत ठेवलं.

पहिली भिंत अप्रतिम झाली. साहेब खुशीत येऊन शीळ घालू लागले. दुसऱ्या भिंतीला नोझल तुंबलं.

इथे वाचकांनी साहेबांना कमी लेखू नये. नियम सतरा त्यांना तोंडपाठ होता. आधी खटका लॉक करा, पंप बंद करा, दाब उतरवा, मगच नोझलला हात लावा. बोट समोर धरू नका. नियम पाठ असलेल्या माणसासमोर एकच संकट उभं राहतं. ते म्हणजे ज्याला तो पाठ नाही असा दुसरा माणूस. पत्नी दारात उभी होती. अठ्ठावीस वर्षं प्रात्यक्षिकं दिलेल्या साहेबांना राहवलं नाही.

"हे बघ," ते म्हणाले, "आता काही लोक काय करतात, असं बोट इथे पुढे धरतात. असं कधीही—"

टिक् असा आवाज झाला. उजव्या हातात गन होती, डाव्या हाताच्या तर्जनीवर एक ठिपका आला. रक्त जेमतेम थेंबभर.

"लागलं का हो?"

"छे! प्रात्यक्षिक झालं."

"बोट दाखवा."

"अगं, मोहरीएवढं आहे. पाण्याखाली धरतो. यात अपघात म्हणण्यासारखं काय आहे?"

पत्नीने पुस्तिका उचलली आणि थेट शेवटचं पान काढलं. साहेब तिथे कधी पोहोचले नव्हते, कारण त्यांच्या खात्यात शेवटचं पान सहीसाठी असतं. तिथे छापलं होतं, की रंग कातडीखाली शिरला तर जखम कितीही क्षुल्लक दिसो, ताबडतोब शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जा, नाहीतर बोट गमवाल.

"चपला घाला," ती म्हणाली.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत बोट सुजून निळसर पडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "किती वाजता झालं?"

"झालं असं म्हणता येणार नाही," साहेब म्हणाले. "साधारण एक निरीक्षण—"

"अहो, बोट जातंय तुमचं!" पत्नी ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "अकरा वाजून दहा मिनिटांनी, डॉक्टर. घरी, माझ्यासमोर."

घरी हा शब्द ऐकला आणि साहेबांना फिटरची बायको आठवली. ती एकदा त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. "साहेब, आमच्या घरी कुठलं ग्राइंडर?" एवढंच तिने विचारलं होतं. साहेबांनी तिला पाणी दिलं होतं, उत्तर दिलं नव्हतं. आता त्यांना त्याची लाज वाटली, आणि भूल चढेपर्यंत ती वाटत राहिली.

बोट वाचलं, पण ते आता वाकत नाही. कारखान्याने घटना घरगुती असल्याचं (या खेपेला खरोखरच) मान्य करून फलक पुढे चालू ठेवला. साहेबांनी मात्र सत्तावीस घटनांची खरी यादी वरिष्ठांना दिली आणि फिटरचं नाव पहिलं लिहिलं. यादी विचाराधीन आहे.

आता दर शनिवारी साहेब त्या दुकानाबाहेर स्टूल टाकून बसतात आणि मशीन न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते ताठ बोट दाखवतात. लोक थांबतात, हळहळतात, शेवटच्या पानाबद्दल ऐकून मान डोलावतात. मग हळूच विचारतात, "पण भिंत कशी आली?" दुकानदाराने साहेबांना चहा सुरू केला आहे. साहेब बसू लागल्यापासून मागणी तिपटीने वाढली आहे, आणि त्याचं कारण त्याला नीट कळलं आहे. साहेबांची गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण, हे वाचताना मघाशी आपणही म्हणालात तसंच, मनातल्या मनात म्हणतो, "मी असतो तर बोट पुढे केलंच नसतं." दुकानदार त्यालाच बुकिंग समजतो.