रिकामा न सोडलेला रकाना

विमा कंपनीत चौतीस वर्षं अर्ज तपासले मी. एक रकाना रिकामा दिसला की अर्ज परत! निवृत्त झाल्यावर हीच शिस्त मुलुंडच्या आमच्या वधू-वर सूचक मंडळात आणली, आणि मंडळाची वेबसाइटही माझ्याच गळ्यात पडली. त्यामुळे माहितीच्या गोपनीयतेचा नवा कायदा आला तेव्हा अध्यक्ष राजारामभाऊ घाबरले, मी नाही. म्हटलं, सोडा माझ्यावर. असा पाळून दाखवतो की सरकारी माणसं बघायला येतील!

खरं सांगायचं तर माझा राग जुना होता. माझ्या मुलीला, इरावतीला, तीन वर्षं अनोळखी पुरुषांचे फोन येत होते. "तुमची उंची पाच फूट तीन ना?" असं विचारायचे. ती हादरायची, पुढचं काही न ऐकता फोन कापायची. शेवटी नंबर बदलला. मोबाइलच्या दुकानात मी तिच्याबरोबर होतो आणि लोकांची माहिती विकणाऱ्या तमाम कंपन्यांचा तिथेच उद्धार केला होता. आठ दिवसांत नव्या नंबरवरही फोन सुरू. तेव्हापासून ती अनोळखी नंबर उचलतच नाही. अंधेरीच्या एका चांगल्या नोकरीचा फोन त्यात हुकला, त्याचं तिला अजून वाईट वाटतं.

म्हणून कायदा मी फारच मनावर घेतला. वेबसाइटवर आधी कुकीजची पट्टी लावली, की तुम्ही इथे काय पाहता याची नोंद ठेवू का? 'मंजूर' भलंमोठं, हिरवंगार. 'नामंजूर' मुंगीएवढं. इरावतीने नाश्ता करता करता ते पाहिलं. म्हणाली, दोन्ही बटणं सारखी हवीत, आणि परवानगी ज्याची माहिती आहे त्याचीच घ्यायची, दुसऱ्या कुणाची नाही. पटलं. शनिवारी सकाळी चारशे बारा स्थळांना, थेट मुला-मुलींच्या मोबाइलवर, निरोप धाडला: 'आपली माहिती आमच्या साइटवर आहे. राहू द्यावी का?'

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. आमच्याकडे अर्ज भरतात ते आईवडील.

साडेदहाला कांदिवलीहून नीलमताईंचा फोन. त्यांचा चैतन्य विचारत होता, मी विवाहोत्सुक कधी झालो? मग घाटकोपरचे एक काका. त्यांची मुलगी घर सोडायला बॅग भरत होती. बोरिवलीच्या एका मुलीचं बाळ वर्षाचं झालं होतं आणि आमचा निरोप नेमका तिच्या सासूने वाचला होता. दुपारपर्यंत तीनशे साठ नामंजूर. राजारामभाऊ घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मार्तंडराव, तीस वर्षांचं मंडळ अर्ध्या दिवसात रिकामं केलंत."

कायदा म्हणजे कायदा, असं मी त्यांना ऐकवतोय, तेवढ्यात इरावती मोबाइल घेऊन खोलीतून बाहेर आली.

स्थळ क्रमांक दोनशे अठरा. उंची पाच फूट तीन. गृहकृत्यदक्ष. फोटो मावसबहिणीच्या लग्नातला, खांद्यावर कुणाचातरी अर्धा कापलेला हात.

अर्ज मीच भरला होता, तीन वर्षांपूर्वी, तिला न विचारता. त्यात 'उमेदवाराचा मोबाइल' असा रकाना होता, म्हणून भरला; पुढे 'साइटवर दाखवावा का?' असा रकाना होता, बाकीचे आईवडील तिथे 'नाही' लिहितात, मी 'हो' लिहिलं. तिने नंबर बदलला त्या दिवशी दुकानातून घरी येऊन नोंद दुरुस्तही केली. माहिती अद्ययावत ठेवण्याबद्दल माझी ख्याती आहे.

राजारामभाऊ चपला घालून निघून गेले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, मला वाटायचं कुणीतरी माझ्यावर पाळत ठेवून आहे," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं अंतर, पण स्टेशनवरून मी चालत यायची बंद झाले. आणि ते तुम्ही होतात?"

'तुझ्या भल्यासाठीच केलं' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या घटकेला तीनशे साठ घरांत हेच वाक्य चाललं असणार. मला लाज वाटली. "चुकलो गं," एवढंच म्हणालो.

तिने मोबाइलवर ती नोंद पुन्हा वाचली. मग तिने विचारलं, "आणि गृहकृत्यदक्ष?"

"रकाना होता."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. मी लॅपटॉप उघडला. साइटने विचारलं, ही नोंद कायमची काढायची का? माझं बोट सवयीने 'मंजूर'वर गेलं, तिथेच थांबलं. लॅपटॉप तिच्याकडे वळवला. बटण तिने दाबलं.

मंडळात आता चाळीस स्थळं उरलीत, सगळी स्वखुशीची. राजारामभाऊ माझ्याशी अजून बोलत नाहीत. इरावती बोलते, पण अनोळखी फोन आला की आधी माझ्याकडे बघते.

आणि हो, हा मजकूर छापायला देण्याआधी तिला दाखवला. तिने परवानगी दिली, फक्त एक परिच्छेद खोडला. चौतीस वर्षांची शिस्त मोडून पहिल्यांदाच मी एक जागा रिकामी सोडली आहे. कुठे, ते विचारू नका.