उल्हासपत्रकाची मोहीम आणि सगुणाबाईंची कडी

श्रीशारदेस वंदन करोन, शके एकोणीसशे सेहेचाळीस, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तले ते पदरचे काही न घालता लिहिले आहे.

राज्यातील गुरुजन थकले, ऐसी खबर हुजुरांस पोचली, आणि खबर खोटी नव्हती. गुरुजनांनी गावची माणसे मोजावी, गुरे मोजावी, खिचडी चाखोन तिची तसबीर पाठवावी आणि मग वेळ उरल्यास शिकवावे, ऐसा शिरस्ता पडला होता. हुजूर मोठे कनवाळू. त्यांनी मसलत केली, आणि एकही काम कमी न करता फर्मान काढिले की, दर शनिवारी प्रत्येकाने चौसष्ट प्रश्नांचे उल्हासपत्रक भरावे आणि सोबत हसरी तसबीर जोडावी.

सगुणाबाई टेकाळे तिसरीच्या वर्गाच्या धनी. त्यांनी पहिले पत्रक निमूट भरिले. मग तसबिरीत दात दिसत नाहीत म्हणोन ते परत आले, आणि बाई पुन्हा दात दाखवीत उभ्या असता ठकू नामे मुलगी वही मिटोन बसली. म्हणाली, "बाई, मी वाचत होते. तुम्ही ऐकलंच नाही." ते बाईंच्या फार जिव्हारी लागले. आधी रडू आले, आणि मग संताप आला.

पुढील शनिवारी केंद्राचे सरदार बिडवे फटफटीवर स्वार होऊन पत्रक न्यावयास आले, तो वर्गास आतून कडी, आणि पत्रक भरिलेच नाही ऐसा आतून जबाब. सरदार गरजले, "बाई, पत्रक कोरं गेलं तर बदली थेट घाटापलीकडं होईल!"

"घाटापलीकडं पोरं नाहीत का? तिथल्या दाराला पण कडी असंल. ठकू वाचतीय, गप उभे राहा."

आणि सरदार गप उभे राहिले. आत ठकू अडखळली, थांबली, आणि मग तिने "आमची शेळी काळी आहे" हे वाक्य एका दमात सर केले. वर्गाने एकच गिल्ला केला. मग बाईंनी कडी काढोन कोरे पत्रक सरदारांचे हाती ठेविले आणि बोलल्या, "उल्हास बघायचा तर इथं येऊन ऐका. लिहून मिळणार नाही."

सारांश, आठ दिवसांत बदलीचा हुकूम निघाला आणि बाई ताठ मानेने घाट चढोन गेल्या. त्यानंतरच्या शनिवारी शाळेत मागे राहिलेल्या सातही गुरुजनांनी आपापल्या वर्गास कडी लाविली आणि पत्रके कोरी धाडिली. आता सात बदल्या कोठे कराव्या, याची मसलत हुजुरांकडे चालू आहे, आणि तोवर शाळेत शिकवणे चालू आहे.